मी पेरु, मी सेवा

काचिगुड्याजवळच्या एका मीसेवा केंद्राच्या खिडकीपुढे आजोबा आणि नात उभे आहेत. नात इंटर पास होऊन इंजिनिअरिंगला लागलेली, हैदराबादेतच वाढलेली. आजोबा उदगीरहून चार दिवसांसाठी आलेले. बापाला रजा मिळाली नाही म्हणून सोबतीला त्यांना धाडलेलं. खिडकीतली मुलगी मान वर न करता विचारते, “मी पेरु?”

आजोबा दचकतात. चांगली शिकलेली पोर स्वतःला पेरू का म्हणवून घेते, आणि तेही आपल्याला विचारून? ते समजुतीच्या सुरात म्हणतात, “नाही हो बाई, तसं काही नाही.”

“आजोबा!” नात कपाळावर हात मारून घेते. “नाव विचारायली ती तुमचं.”

तेलुगूत ‘मी’ म्हणजे ‘तुमचं’ आणि ‘पेरु’ म्हणजे नाव. एवढं कळल्यावर आजोबांनी वर पाटीकडे पाहिलं. ‘मी सेवा’. म्हणजे तुमची सेवा. संयुक्त आंध्र प्रदेशात नोव्हेंबर २०११ मध्ये या केंद्रांची सुरुवात झाली आणि २०१४ साली राज्याचे दोन भाग झाले तरी पाटी दोन्हीकडे तीच राहिली. उदगीरला याच दुकानाला ‘आपले सरकार सेवा केंद्र’ म्हणतात. तिथं सरकार आपलं, इथं सेवा तुमची. रांग मात्र दोन्हीकडे आपलीच. दोन तास उभं राहिल्यावर आजोबांचं मत असं झालं की या पाटीचा मराठी अर्थच खरा: मी, आणि माझी सेवा मीच करायची.

हैदराबादेतल्या जुन्या मराठी घरांना हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे. सुलतान बाजार, बडी चावडी, काचिगुडा या भागांत पिढ्यानपिढ्या राहिलेली ही माणसं घरात मराठी, दुकानात तेलुगू आणि रिक्षावाल्याशी दखनी बोलतात, आणि तिन्हींत ‘हौ’ आणि ‘नक्को’ चालवून घेतात. जामबागेतली विवेक वर्धिनी शाळा १९०७ सालापासून मराठी मुलांना शिकवत आली. पण शिष्यवृत्तीच्या अर्जापुढे जुनं घर आणि नवं घर असा भेद उरत नाही. तिथं सगळेच उदगीरहून काल उतरल्यासारखे दिसतात.

मुळात शिष्यवृत्ती हा शब्दच इथं नाही. तेलुगूत तिला ‘उपकार वेतनम्’ म्हणतात. मराठी कानाला यापेक्षा स्पष्ट शब्द सापडायचा नाही. शिष्यवृत्ती म्हटलं की शिष्य आठवतो, गुरू आठवतो, वाळा घातलेलं पाणी आणि गुरुकुलाचं अंगण आठवतं. उपकार वेतन म्हटलं की देणारा आणि घेणारा कोण कुठल्या पायरीवर उभा आहे, ते आपोआप कळतं. तेलुगू माणसाला ‘उपकार’ या शब्दात मदतीपलीकडे काही खटकत नाही. मराठीत मात्र उपकार म्हटले की पाठोपाठ ओझं येतं, आणि ते फेडायचं असतं.

त्या वेतनासाठी जी कागदपत्रं लागतात त्यांची नावं तर याहून बहारदार आहेत. उत्पन्नाच्या दाखल्याला ‘आदाय ध्रुवीकरण पत्रम्’ आणि जातीच्या दाखल्याला ‘कुल ध्रुवीकरण पत्रम्’. ध्रुव म्हणजे अढळ, म्हणून ध्रुवीकरण म्हणजे पक्कं करणं, खात्री देणं. तेलुगू भाषेनं संस्कृताशी प्रामाणिक राहून शब्द केला. आपण मराठीत तोच शब्द निवडणुकीच्या अग्रलेखांना वाहिला. तेव्हा खिडकीवर ‘कुल ध्रुवीकरण पत्रम् इथे मिळेल’ अशा अर्थाची पाटी वाचून मराठी माणूस थबकतो. जातीचं ध्रुवीकरण सरकार इतक्या उघडपणे, नाममात्र शुल्क घेऊन आणि पावती देऊन करत असेल, असं त्याला वाटलेलं नसतं.

शुल्काला ‘रुसुमु’. हा आपल्या जुन्या दफ्तरातला रुसूम. उशीर म्हणजे ‘आलस्यम्’, त्यामुळे मुदत टळल्यावर भरायची ती ‘आलस्य रुसुमु’, आळसाचा दंड. हा शब्द महाराष्ट्रानं तातडीनं उचलावा अशी शिफारस आहे. फक्त तो दंड उशीर करणाऱ्या दोन्ही बाजूंना लागू व्हावा.

अर्ज भरायचा तो संकेतस्थळावर, ज्याचं नाव ईपास. ‘इलेक्ट्रॉनिक पेमेंट अँड ॲप्लिकेशन सिस्टिम ऑफ स्कॉलरशिप्स’ या लांबलचक नावाची आद्याक्षरं कुणा हुशार माणसानं जुळवून आणली. त्याला शिष्यवृत्ती कोणत्या प्रवर्गातून मिळाली होती ते कळायला मार्ग नाही. हैदराबादच्या सेंटर फॉर गुड गव्हर्नन्सनं हे संकेतस्थळ बांधलं. विद्यार्थी परीक्षेत पास होतो तो एकदा, पण ईपास त्याला दर वर्षी व्हावं लागतं: पहिल्या वर्षी ‘फ्रेश’, पुढे ‘रिन्यूअल’. भाजीची जुडी आणि मोटारीचा विमा यांच्यामध्ये कुठेतरी विद्यार्थ्याची नोंद आहे.

योजना मात्र खरोखर मोठी आहे, हे आधी कबूल केलं पाहिजे. वाय. एस. राजशेखर रेड्डी मुख्यमंत्री असताना, २००८ च्या सुमारास, संयुक्त आंध्रानं फी रियंबर्समेंट मोठ्या प्रमाणावर आणली. गरीब घरातल्या मुलाची इंजिनिअरिंगची, एमबीएची, फार्मसीची फी सरकार भरणार. ज्या घरांत दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं त्या घरांतली पोरं संगणक शिकली, हायटेक सिटीत लागली, त्यांतली कित्येक अमेरिकेला गेली. सरकार फी भरतंय म्हटल्यावर इंजिनिअरिंग कॉलेजं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. संयुक्त आंध्रात त्यांची संख्या सातशेच्या घरात गेली. रंगारेड्डी जिल्ह्यात एके काळी ज्वारीच्या शेताला कुंपण घातलेलं दिसलं की लोक पीक विचारत नसत, शाखा विचारत: मेकॅनिकल की सिव्हिल?

मदतीचे दोन भाग. आरटीएफ म्हणजे शिक्षण शुल्काची परतफेड, एमटीएफ म्हणजे राहण्या-खाण्याचा खर्च. विद्यार्थी या अक्षरांचा उच्चार इतक्या सहजपणे करतात की मुलीला स्थळ पाहताना ‘मुलगा काय करतो?’ला ‘आरटीएफवर आहे’ असं उत्तर मिळालं तरी मामांना ती कंपनी वाटेल.

पात्रतेसाठी गरीब असावं लागतं. आणि गरीब कोण, हे कोण कुठे राहतो त्यावर ठरतं. तेलंगणात शहरातल्या कुटुंबाची वार्षिक मर्यादा दोन लाख रुपये. मागासवर्गीय, आर्थिक मागास आणि अल्पसंख्य अर्जदार गावातला असेल तर दीड लाख. दोन लाख म्हणजे महिना सोळा हजार सहाशे सहासष्ट रुपये आणि वर काही पैसे. सतरा हजार पगार असलेला बाप या हिशेबात सुखवस्तू. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला मर्यादा आठ लाखांची आहे आणि २०२४-२५ पासून त्याच आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आता देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबादहून निघालेला, वर्षाला साडेसात लाख कमावणारा गृहस्थ डोळ्यांपुढे आणा. बासरपर्यंत तो श्रीमंत असतो. गाडी बासर सोडते, धर्माबाद येतं, आणि चहाचा कप हातात धरल्या धरल्या तो आर्थिकदृष्ट्या दुर्बल होतो. परतीच्या प्रवासात अर्ध्या तासात पुन्हा सावरतो.

रेशन कार्डाचा तर रंगच उलटा. महाराष्ट्रात पांढरं कार्ड म्हणजे खात्यापित्या घरचं लक्षण; गरिबाचं पिवळं, त्याच्या वरच्याचं केशरी. संयुक्त आंध्रात पांढरं कार्ड गरिबाचं, आणि ज्याचं बरं चाललंय त्याला गुलाबी. उदगीरचे आजोबा नातीच्या शिष्यवृत्तीच्या फाइलमध्ये आपलंही कार्ड अभिमानानं लावायला निघाले होते. पांढरं पाहून खिडकीतल्या मुलीच्या नजरेत एकदम कणव दाटून आली, असं ते सांगतात. उभ्या आयुष्यात सरकारी नोकराकडून त्यांना मिळालेली ती पहिली सहानुभूती, आणि तीही रंगाच्या चुकीतून.

उत्पन्नाच्या दाखल्याचं आणखी एक वैशिष्ट्य जाणकारांच्या नजरेत भरलेलं आहे. दाखल्यावरचे आकडे मर्यादेच्या जवळ येतात, पण तिला शिवत नाहीत. एक लाख नव्वद, एक लाख पंच्याण्णव, एक लाख अठ्ठ्याण्णव. लक्ष्मणरेषेचं इतकं काटेकोर पालन रामायणातही झालं नाही.

यानंतर नाव. खरा खेळ इथून पुढे.

मराठी माणूस नाव सांगतो तेव्हा आधी स्वतः येतो, मग बाप, मग आडनाव. समजा मुलीचं नाव कविता, वडील सुधीर, आडनाव देशपांडे. तेलुगू रीतीत आधी आडनाव. त्याला म्हणतात ‘इंटि पेरु’, घराचं नाव. मराठी कानाला मात्र परसातला पेरू. तेव्हा दहावीच्या मेमोवर (मार्कशीटला इथं मेमो म्हणतात; ऑफिसातल्यासारखा तो मिळाला की घरी खुलासा द्यावा लागतो) ती ‘देशपांडे कविता’ होते. आधार कार्डावर ‘कविता सुधीर देशपांडे’. बँकेत जागा कमी पडली म्हणून ‘कविता एस. डी.’ पॅन कार्ड काढताना कुणी सुधीरला आडनाव समजलं. चार कागदांवर चार कविता, आणि सरकारचं म्हणणं, यांतली एकच दाखवा.

त्यात एच. तेलुगू प्रदेशात इंग्रजी स्पेलिंग करताना ‘त’ला टी-एच लावायची पद्धत आहे, कारण नुसता टी म्हणजे ‘ट’. ही पद्धत मराठीपेक्षा तर्कशुद्ध आहे, यात वाद नाही. त्यामुळे गीता, लता, सविता, कविता यांच्या नावात इथं एक एच शिरतो. शाळेतल्या तेलुगू सरांनी तो लावला. आधार काढला उदगीरला मामाच्या गावी, सुट्टीत, तिथल्या माणसानं लावला नाही. संगणक दोन्ही नावं शेजारी ठेवतो आणि लाल अक्षरांत सांगतो की या दोन वेगळ्या मुली आहेत. एका एचसाठी आधार केंद्र, तिथून शाळा, शाळेतून दहावीचं बोर्ड, बोर्डातून परत शाळा. फी लाखाची असो की पस्तीस हजारांची, ती अडली आहे अशा अक्षरावर की ज्याचा कविता म्हणताना उच्चारही होत नाही.

या रांगेत देशपांडे, कुलकर्णी, देशमुख अशी आडनावं दिसली की इतिहासाला हसू आवरत नसेल. यांच्या पूर्वजांनी शेदोनशे वर्षं दुसऱ्यांकडून कागद मागितले. गावाचा हिशेब, जमिनीचा कस, कोण किती देणं लागतो, सगळं यांच्या दफ्तरात. तेलंगणात पटेल-पटवाऱ्यांचा हा वंशपरंपरागत कारभार एन. टी. रामाराव यांनी १९८४ साली एका फटक्यात बंद केला आणि पुढच्या वर्षी तालुक्यांच्या जागी मंडलं आणली. मंडलाचा अधिकारी तो एमआरओ. पुढे त्याचं नाव पुन्हा तहसीलदार झालं, लोक अजून एमआरओच म्हणतात. त्याच्या दारात आता देशपांड्यांची पणती उभी आहे, आपण किती कमावत नाही याचा दाखला मागत.

पूर्वी हे असं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. हैदराबादेत तर फार होतो, कारण उदाहरण घरचंच आहे. निजाम कॉलेजचे प्राचार्य अघोरनाथ चट्टोपाध्याय यांच्या मुलीनं कोवळ्या वयात एक नाटक लिहिलं, ‘माहेर मुनीर’. ते सहाव्या निजामाच्या, महबूब अली खानांच्या हाती पडलं, त्यांना आवडलं आणि १८९५ साली सोळा वर्षांची ती मुलगी निजामाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला गेली, असं सांगतात. हीच पुढची सरोजिनी नायडू. उत्पन्नाचा दाखला लागला नाही, जन्मतारखेचा मेळ घालावा लागला नाही. ‘माहेर’ हा शब्द वाचून मराठी माणूस नाटकाचा भलताच विषय कल्पितो, ते सोडा. पण यातली मेख अशी की त्या काळी अर्ज करायला आधी राजाच्या ओळखीचा बाप लागत असे आणि मग नाटक. आज फक्त बापाचं आधार लागतं. प्रगती म्हणतात ती हीच.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली तेव्हा मात्र कागद झाला होता: परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. त्या कराराची कहाणी मराठी वाचकाला सांगायला नको. बडोद्यात या विद्वानाला राहायला कुणी खोली देईना. पुढे हेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज देशभर जी काही राज्योराज्यीची पोर्टलं फिरतात त्यांची गंगोत्री तिथं आहे. १९५३ साली उस्मानिया विद्यापीठानं त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली. तेव्हा कुणी बोनाफाईड मागितलं नाही.

पण हैदराबादचा मराठी माणूस शिष्यवृत्तीच्या इतिहासात सर्वांत मजेदार कोंडीत सापडला तो २०१४ साली. राज्य नवं, सरकार नवं, आणि जुलैत नवी योजना: ‘फायनान्शियल असिस्टन्स टू स्टुडंट्स ऑफ तेलंगणा’, थोडक्यात ‘फास्ट’. अट अशी की विद्यार्थ्याचं कुटुंब १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीपासून तेलंगणात राहत असलं पाहिजे. अठरा वर्षांच्या पोरानं फी मागायची आणि पुरावा द्यायचा तो आजोबांच्या तरुणपणाचा. हेतू होता सीमांध्रातून नंतर येऊन वसलेल्यांना वगळण्याचा. घराघरांत ट्रंका उघडल्या. आणि तेव्हा सुलतान बाजारातल्या जुन्या मराठी घरांत एकदम तेज आलं! इतके दिवस वरच्या फळीवर पडलेले, कुणाला वाचता न येणारे उर्दू कागद, निजामाच्या मोहरेचे, पणजोबांच्या नोकरीचे, घरभाड्याचे, हे आता नातवाचे पासपोर्ट झाले. ज्या आजोबांना घरात कुणी विचारत नव्हतं त्यांना खुर्ची देऊन बसवण्यात आलं: “आजोबा, तुम्ही छप्पन साली कुठं होता?”

उदगीरच्या आजोबांचं दुखणं निराळंच. १९५६ च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत उदगीर हैदराबाद राज्यातच होतं, बिदर जिल्ह्यात. मराठवाडा गेला मुंबई राज्यात, तो त्या १ नोव्हेंबरलाच. म्हणजे ते आणि हैदराबाद त्या दिवसाच्या आधी एकाच राज्याचे रहिवासी होते. पण कागदात जे तेलंगण हवं होतं त्यात उदगीर कधीच नव्हतं. एका दिवसाच्या फरकानं ते परके झाले, आणि तो दिवस उगवण्याआधीही ते परकेच होते. वेदान्त समजावून सांगायला एवढं उदाहरण पुरेल.

फास्ट फार चालली नाही. उच्च न्यायालयानं त्या अटीवर बोट ठेवलं आणि २०१५ च्या सुरुवातीला सरकारनं योजना मागे घेतली. नाव फास्ट होतं, निदान मागे घेण्यात तरी ते सार्थ झालं. उर्दू कागद पुन्हा फळीवर गेले.

जातीच्या रकान्यात मराठी माणसाला आणखी एक नवं नाव मिळतं. तेलंगणात मागास वर्गांचे अ, ब, क, ड, ई असे गट आहेत, आणि त्यांतल्या ‘ड’ गटाच्या यादीत ‘आरे मराठी’ आणि ‘मराठा’ सापडतात, कंसात ‘ब्राह्मणेतर’ असा खुलासा करून. महाराष्ट्रात ज्या प्रश्नावर मोर्चे, उपोषणं, आयोग आणि न्यायालयं झाली, तो इथं सुरभी नाटकवाल्यांच्या शेजारी यादीत मुकाट बसलेला आहे. सुरभी ही तेलुगू रंगभूमीवरची नामांकित फिरती नाटक मंडळी; त्या कुटुंबांची मुळं मराठी. आपल्याकडे नाटकवेड्यांना वेगळा प्रवर्ग असता तर निम्मं पुणं पात्र ठरलं असतं. परदेशी शिकायला जाणाऱ्या मागासवर्गीय मुलांना वीस लाखांपर्यंत मदत देणाऱ्या तेलंगणाच्या योजनेला नाव महात्मा जोतिबा फुल्यांचं. म्हणजे गंजपेठेतल्या माणसाच्या नावाचे वीस लाख हैदराबादेत मिळतात, आणि त्यासाठी इथल्या मराठी मुलाला आपण आरे आहोत हे आधी शिकावं लागतं. घरी विचारावं तर आई म्हणते, “अरे, आपण आरे रे.”

नाव जमलं, जात जमली, गरिबी जमली, की अर्ज ‘सबमिट’ होतो. ऑनलाइन. मग त्या ऑनलाइन अर्जाची छापील प्रत काढायची, तिला दहावीचा मेमो, टीसी, चौथी-पाचवीपासूनची बोनाफाईडं, प्रवेशाचं वाटपपत्र, आधार, पासबुकाचं पहिलं पान आणि बापाचा दाखला जोडायचा आणि गठ्ठा कॉलेजात नेऊन द्यायचा. कागदविरहित कारभारानं हैदराबादच्या झेरॉक्सवाल्यांना जे बरकतीचे दिवस दाखवले ते कागदी कारभाराला कधीच जमलं नसतं. पुढे बोटांचे ठसे. विद्यार्थी स्वतःच आहे याची खात्री यंत्र करून घेतं. हॉस्टेलात भांडी घासणाऱ्या, सुट्टीत वीटभट्टीवर जाणाऱ्या पोरांचे ठसे झिजलेले असतात, त्यांना यंत्र ओळखत नाही. ज्यांना मदतीची गरज सर्वांत जास्त, त्यांचीच बोटं यंत्राला पटत नाहीत.

यानंतर चौकशीला गेलं की एक वाक्य ऐकू येतं: “मी दरखास्तु परिशीलनलो उंदि.” तुमचा अर्ज तपासणीत आहे. आजोबांना त्यातलं सगळं कळलं. दरखास्त कळली, परिशीलन कळलं, आणि उंदीरही कळला. सरकारी कार्यालयाच्या फाइलींत तो असणारच, पण अधिकाऱ्यांनी तो स्वतःहून मान्य करावा, या पारदर्शकतेचं त्यांना फार कौतुक वाटलं.

आता पैशाचं. रियंबर्समेंट या इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे, आधी तुम्ही खर्च करा, मग परत मिळेल. इथं अनेक वर्षं तो उलटा चालला: विद्यार्थ्यानं काही भरायचं नाही, सरकार कॉलेजला देणार. तेही सर्वांना सारखं नाही. मागासवर्गीय विद्यार्थ्याचा प्रवेश परीक्षेतला क्रमांक दहा हजारांच्या आत असेल तर पूर्ण फी, बाहेर असेल तर वर्षाला पस्तीस हजार. बऱ्याच कॉलेजांची फी लाखावर गेली, पस्तीस हजार मात्र वर्षानुवर्षं पस्तीसच राहिले. मधली दरी बापानं बुजवायची, तोच बाप, ज्याच्या दाखल्यावर एक लाख अठ्ठ्याण्णव लिहिलंय.

आणि ते पस्तीसही वेळेवर निघत नाहीत. खजिन्यात बिलाला टोकन मिळतं. टोकन म्हणजे पैसे नव्हेत. टोकन म्हणजे तुमचा नंबर आहे याची खात्री. मुंबईच्या इराण्याकडेही नंबर लावून ठेवला की निदान खुर्चीची आशा असते. थकबाकी हजारो कोटींवर गेली. हैदराबादेत ‘बकायिलु’ हा शब्द वर्तमानपत्रात हवामानाइतका नियमित येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेलंगणातल्या खाजगी महाविद्यालयांनी या थकबाकीसाठी बंद पुकारला. फी बुडवली म्हणून विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढतात हे पाहिलेलं होतं. इथं सरकारनं फी थकवली म्हणून कॉलेजांनी स्वतःलाच बाहेर काढलं. दरम्यान पोरगं पदवी घेऊन नोकरीला लागायला निघतं, तर प्रमाणपत्रं कॉलेजच्या कपाटात. आधी फी भरा, सरकारचे आले की परत देऊ. असा तो रियंबर्समेंट शब्द फिरून फिरून शेवटी शब्दकोशातल्या अर्थावर आला.

राहण्या-खाण्याचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. येतात तेव्हा. त्यासाठी शून्य शिलकीचं खातं काढायचं, आधारशी जोडायचं आणि वाट पाहायची. दोन वर्षं खात्यात काही हालचाल झाली नाही तर बँक ते निष्क्रिय ठरवायची. खातं उघडलं शिष्यवृत्तीसाठी, शिष्यवृत्ती आली नाही म्हणून खातं झोपलं, आणि खातं झोपलं म्हणून शिष्यवृत्ती परत गेली! हा विनोद इतक्या ठिकाणी इतक्या वेळा झाला की रिझर्व्ह बँकेनंच २०२४ मध्ये तो बंद केला: सरकारी योजनांच्या लाभार्थ्यांची आणि शिष्यवृत्तीधारकांची शून्य शिलकीची खाती वेगळी काढा, त्यांना निष्क्रियतेचा नियम लावू नका. म्हणजे रिझर्व्ह बँकेला हे अधिकृतपणे ठाऊक आहे की सरकारी पैसा यायला दोन वर्षांहून जास्त काळ लागू शकतो.

तेलुगू गावांत एके काळी घरांच्या भिंतींवर एक वाक्य खडूनं लिहिलेलं असायचं. रात्री एक भुताळी बाई दार वाजवते, अशी अफवा होती. तिला वाचता येतं, असा लोकांचा विश्वास. तेव्हा भिंतीवर लिहायचं, ‘ओ स्त्री, रेपु रा’. बाई गं, उद्या ये. भूत वाचून परत जायचं, दुसऱ्या दिवशी यायचं, पुन्हा वाचायचं, पुन्हा परत. (‘उद्या या’ याचं तेलुगूतलं आदरार्थी रूप मराठी मासिकात छापण्यासारखं नाही, म्हणून इथं एकेरीवरच भागवू.) भुतानं कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही, कारण त्याच्याकडे वेळ होता. मुलांचं तसं नाही. चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो, तो चार वर्षांतच संपतो.

आजोबा उदगीरला परत गेले. नातीचा अर्ज परिशीलनात आहे. अर्जाची मुदत यंदाही, दर वर्षीसारखी, वाढेल अशी मीसेवातल्या मुलीची खात्री आहे. पण तिच्यावर विसंबू नका. ज्या घरात कुणी यंदा इंटर पास झालं असेल त्यांनी दाखला आत्ताच काढून ठेवावा, आधारवरचा एच आधी तपासावा, झेरॉक्सच्या दोन प्रती जादा घ्याव्यात. आणि खिडकीतून कुणी ‘मी पेरु?’ म्हणालं तर नाव सांगावं. आडनाव आधी.